वाढणारं कवच, टाकलेलं कवच

कोळणीच्या टोपल्यांत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, शेजारीशेजारी असतात. दोन्ही बाहेरून टणक, आतून मऊ. दोन्हींचं कवच कडक होतं ते कॅल्शियम कार्बोनेटमुळे, म्हणजे खडूतल्याच पदार्थामुळे. तरी प्राण्यांच्या वंशावळीत ती एकमेकांपासून फार लांब आहेत. तिसरी मृदुकाय, म्हणजे गोगलगाय आणि माकूळ यांच्या कुळातली. चिंबोरी संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांची; कोळंबी आणि शेवंड तिची जवळची, झुरळ आणि विंचू जरा दूरची भावंडं. कवच एकदा झालं की पुढे अंग वाढवायचं कसं, या प्रश्नाला दोघींची उत्तरं अगदी वेगळी आहेत.

तिसऱ्या साफ करून झाल्या की एक रिकामी शिंपी उजेडात धरावी. आतल्या बाजूला दोन टोकांकडे एकेक गुळगुळीत डाग दिसतो. शिंपी मिटणारे स्नायू तिथे चिकटलेले असतात. मिटायला जोर लागतो, उघडायला लागत नाही, कारण बिजागरीतला लवचीक पट्टा शिंपी सतत उघडायलाच बघतो. म्हणून जिवंत तिसरी विळीलाही सहज दाद देत नाही आणि उकळत्या पाण्यात स्नायूंची पकड सुटली की आपसूक आ वासते. बाजारातच उघडी पडलेली, टिचकी मारूनही न मिटणारी तिसरी मेलेली समजायची ती याचमुळे.

त्या दोन डागांना जोडणारी एक पुसट रेघ असते. प्रावार नावाचा पातळ पडदा तिथे कवचाला चिकटलेला असतो, आणि कवच बनवतो तो हाच पडदा. त्याची कड शिंपीच्या काठावर नवा थर चढवत जाते, त्यामुळे जुनं काही टाकावं लागत नाही. शंखाचं निमुळतं टोक म्हणजे त्या गोगलगाईचं बाळपण. ते शेवटपर्यंत तिच्या पाठीवर राहतं. थंड समुद्रांतल्या काही शिंपल्यांवर दरवर्षी एक रेघ उमटते. आइसलंडजवळ २००६ साली काढलेल्या अशा एका शिंपल्याचं वय रेघा मोजल्यावर ५०७ वर्षं निघालं. तो जन्मला १४९९ मध्ये, वास्को द गामा भारताहून लिस्बनला परतला त्या वर्षी.

चिंबोरीला ही सोय नाही. तिचं कवच कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं आणि प्रथिनांचं, वर कॅल्शियमने कडक केलेलं. स्नायू आतून त्यालाच जोडलेले, पाय सांध्यांवर वळणारे. पण हे कवच एकदा घट्ट झालं की तसूभर वाढत नाही. मुलांच्या शाळेच्या गणवेशासारखं ते ठरावीक काळाने बदलावंच लागतं. जुन्या कवचाखाली आधी मऊ, सुरकुतलेलं नवं तयार होतं. जुन्यातलं थोडं कॅल्शियम रक्तात परत शोषलं जातं. मग मागच्या बाजूने कवच उकलतं आणि चिंबोरी उलटी मागे सरकत बाहेर पडते. पाय, डोळ्यांवरचं आवरण, कल्ल्यांवरचा पापुद्रा, इतकंच काय, जठराचं अस्तरसुद्धा जुन्या कवचाबरोबर निघून येतं. मोडलेली नांगी पुन्हा फुटते तीही अशी कात टाकतानाच.

बाहेर आल्याबरोबर ती पाणी शोषून फुगते आणि नवं कवच त्या फुगलेल्या मापावर कडक होतं. मांस भरायला मात्र वेळ लागतो. ‘अवसेच्या चिंबोऱ्या भरलेल्या, पुनवेच्या पोकळ’ असं सांगतात. त्यातला चंद्राचा भाग बाजूला ठेवला तरी पोकळ चिंबोरी ही काही विक्रेत्याची लबाडी नसते. तिने नुकतंच कवच बदललेलं असतं, एवढंच.

कात टाकण्याची ही सवय नातं ओळखायलाही उपयोगी पडली. गांडुळाच्या अंगाची वलयं पाहून ते गोम-खेकड्यांचं जवळचं, असं दीर्घकाळ मानलं जाई. १९९७ मध्ये जनुकांची तुलना झाली आणि गांडूळ शिंपल्या-गोगलगाईंच्या जवळ सरकलं. खेकड्यांच्या जवळ आले ते गोलकृमी, म्हणजे आपल्या पोटात होणारे जंत! तेही कात टाकतात.

मृदुकायांत कवच जवळपास सोडून दिलेलेही आहेत. नळीसारख्या माकुळाच्या पोटातून साफ करताना निघणारी पारदर्शक पट्टी हे कवचाचंच उरलेलं रूप. ऑक्टोपसच्या बहुतेक जातींनी तेवढंही ठेवलेलं नाही.

पण खरी गंमत बार्नकलची. ओहोटीला कोकणातल्या खडकांवर पाय ठेवला की तळव्याला टोचणारे पांढुरके, शंकूच्या आकाराचे जीव ते हेच. जागचे हलत नाहीत, कवच चुन्याचं, तेही कडेकडेने वाढणारं. लिनियस आणि क्युव्हिए यांच्यासारख्या प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या जाणत्यांनीही त्यांना मृदुकायांत बसवलं. जॉन व्हॉन थॉम्पसन नावाच्या लष्करी डॉक्टरने त्यांची पिल्लं पाळून पाहिली आणि १८३० मध्ये जाहीर केलं, की ती पोहणारी, सांधेदार पायांची, सरळसरळ कोळंबीच्या गोतातली आहेत. मोठं होताना पिल्लू डोकं खडकाला कायमचं चिकटवतं, भोवती चुन्याच्या पाट्या उभारतं आणि पुढे आयुष्यभर पायांनी पाणी घुसळून अन्न ओढतं. पाट्या तशाच राहतात. आतलं अंग मात्र चिंबोरीसारखी कात टाकत राहतं.

डार्विनने या जिवांवर १८४६ पासून आठ वर्षं घालवली. ते गलबतांच्या तळाला चिकटले की वेग मंदावतो, म्हणून खलाशांना त्यांचा तिटकारा असे. मंद गलबतावरच्या खलाशालाही नसेल इतका मला बार्नकलचा तिटकारा आहे, असं त्याने १८५२ मध्ये एका पत्रात लिहिलं, आणि पुढची दोन वर्षं पुन्हा त्यांनाच चिरत बसला.