आरसेमहाल नेमका कुणाचा? पडद्यावरच्या दिवाणखान्यांची पार्श्वभूमी

डिसेंबर २०१५मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ आला तेव्हा पुण्यात मोठा गदारोळ झाला तो काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात यावरून. तो सगळ्यांना आठवतो. त्याच सुमारास जुने वाडे बघत हिंडणाऱ्या आम्हा मंडळींत दुसरा वाद चालू होता आणि तो आजही मिटलेला नाही. चित्रपटात मस्तानी ज्या आरशांनी मढवलेल्या दालनात नाचते, तसा आरसेमहाल पेशव्यांच्या वाड्यात शोभतो का? देखण्या सेटसाठी आवडणाऱ्या चित्रपटांची नावं काढली की हा महाल हटकून निघतो. म्हणून तो पडद्यावर आला कुठून, हे एकदा नीट पाहायला हवं.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. मूकपटांच्या आरंभी घर म्हणजे रंगवलेला पडदा असे. संगीत नाटकांचे पडदे रंगवणारे हातच पुढे चित्रपटाकडे वळले, आणि १९२०च्या आगेमागे कोल्हापुरात पडद्याची जागा उभ्या केलेल्या भिंतींनी घेतली. १९३३मध्ये तिथल्या एका कंपनीने बिऱ्हाड पुण्याला हलवलं. तिच्या प्रशस्त स्टुडिओत राजदरबार उभे राहिले, तशी साधी माजघरंही. त्यातलं मला सर्वांत जवळचं घर ‘कुंकू’मधलं, १९३७चं. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ त्या घरात एक पात्रच होऊन बसतं. म्हाताऱ्या नवऱ्याचं उरलेलं आयुष्य ते मोजत राहतं आणि तरुण बायकोला त्याची टकटक ऐकत बसावं लागतं. खोलीतल्या एका वस्तूवर एवढा भरवसा टाकण्याचं धाडस त्या काळात झालं, हे विसरू नये.

आरसा आणि झुंबर यांचे दिवस आले ते स्वातंत्र्यानंतर. १९५८च्या ‘जलसाघर’मध्ये बाहेरून दिसते ती मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या निमतीत्याची खरी जमीनदारी हवेली, पण गाण्याची बैठक जिथे रंगते तो दिवाणखाना कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधलेला. हवेलीत त्या मापाची खोली नव्हती, म्हणून ती घडवावी लागली. एक मोठा आरसा, एक झुंबर आणि भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी, यांवर तो अख्खा दिवाणखाना उभा आहे. कर्जात बुडालेला जमीनदार त्या आरशासमोर येतो तेव्हा त्याला स्वतःचा उतरलेला चेहरा दिसतो. संवादाची गरज पडत नाही.

दोनच वर्षांनी पडद्यावर आली ती याच्या अगदी उलट टोकाची, अंधेरीच्या एका स्टुडिओत घडलेली गोष्ट. ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहाल. त्याची मापं आजही सांगितली जातात: १५० फूट लांब, ८० फूट रुंद, ३५ फूट उंच. तो बांधायला दोनेक वर्षं लागली आणि काच बेल्जियमहून आणलेली. उभा राहिल्यावर लक्षात आलं की यात चित्रीकरणच करता येत नाही. दिवे लावले की हजारो तुकड्यांतून उजेड उलटा कॅमेऱ्यात शिरे. काचांवर मेणाचा पातळ थर दिला आणि कापडाच्या पट्ट्यांवर उजेड टाकून तो परतवून घेतला, असा त्यावरचा उपाय सांगितला जातो. छताच्या प्रत्येक तुकड्यात नाचणारीची गिरकी दिसते तो क्षण या सगळ्या खटाटोपातून मिळालेला आहे. बाकीचा चित्रपट बहुतांश कृष्णधवल आणि हे गाणं रंगीत, त्यामुळे प्रेक्षकाला महालाचं दार उघडल्यासारखं झालं असणार.

आता यातली तारखांची गोष्ट. या शीशमहालामागे लाहोरच्या किल्ल्यातला शीशमहाल होता असं म्हणतात. तो बांधला गेला १६३१-३२मध्ये, शाहजहानच्या काळात. अकबर वारला १६०५मध्ये. म्हणजे नातवाच्या काळातली वास्तू आजोबांच्या दरबारात आणून ठेवली. कुणी भांडलं नाही. तो महाल लोकांनी मनापासून स्वीकारला, आणि ‘राजवाडा म्हणजे आरसे’ हे समीकरण आपल्या डोळ्यांत तेव्हापासून पक्कं बसलं.

पुढची तीसेक वर्षं ओलांडून थेट नव्वदीनंतर येतो, कारण २०१५चा महाल ज्या कारागिरीतून आला ती याच काळात तयार झाली. प्लायवूड, काथ्या घातलेलं प्लास्टर, फायबरचे साचे, आणि नवी भिंत शंभर वर्षांची दिसावी म्हणून तिच्यावर चढवलेले धुरकट रंगाचे हात: सुतार, मोल्डर आणि पेंटर यांच्या एकेका तुकडीने महिन्या-दोन महिन्यांत मोहल्ले उभे केले. त्या काळातल्या एका मराठी कलादिग्दर्शकाला ‘लगान’ (२००१) आणि ‘देवदास’ (२००२) यांसाठी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही दोन कामं शेजारी ठेवून पाहावीत. एकात भूजजवळच्या माळरानावर मातीच्या झोपड्यांचं अख्खं गाव, स्थानिक लोकांच्या हातांनी लिंपलेलं. दुसऱ्यात पारोचं घर रंगीत काचांचं. त्या काचांच्या तुकड्यांची संख्या १ लाख २२ हजार आणि चंद्रमुखीच्या कोठ्याचा खर्च १२ कोटी रुपये, असे आकडे तेव्हा छापून आले होते. मूळ कादंबरीतली पार्वती बेताच्या घरातली मुलगी आहे, तिला हा काचमहाल कसा, असं तेव्हाही विचारलं गेलं. रंगीत काच उत्तर कलकत्त्याच्या जुन्या श्रीमंत घरांत खरोखरच होती, हे त्यावरचं उत्तर. घर त्या गावचं वाटतं, पण त्या माणसांचं वाटत नाही. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण तेरा वर्षांनी ‘देवदास’च्याच दिग्दर्शकाने ‘बाजीराव मस्तानी’साठी शनिवारवाडा उभा केला तेव्हा हाच प्रश्न पुन्हा आला.

मुंबईच्या चित्रनगरीतला तो आरसेमहाल सुमारे २० हजार आरशांचा होता आणि आरसे जयपूरहून आले होते, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. १९६०च्या शीशमहालाला तो उघडपणे केलेला नमस्कार होता. गाण्यातली मस्तानी, तिची गिरकी, छतातली प्रतिबिंबं, सगळं त्या वाटेने जाणारं.

खऱ्या शनिवारवाड्याचं काय? पायाभरणी १० जानेवारी १७३०ची, वास्तुशांत १७३२ची, आणि खर्च १६,११० रुपये. पुढच्या पेशव्यांनी त्यात भर घातली. २७ फेब्रुवारी १८२८ला लागलेल्या आगीत आतलं सारं जळालं. तटबंदी, दरवाजे, नगारखाना आणि दगडी जोती उरली. त्यामुळे आतून वाडा कसा होता हे कागदपत्रांवरून आणि इतर वाड्यांवरूनच ठरवावं लागतं. चित्रपटाची बाजू घेणारे इथे एक पक्का मुद्दा मांडतात. वाड्यातल्या दालनांच्या नावांत थोरल्या रायांचा दिवाणखाना आहे, नाचाचा दिवाणखाना आहे आणि जुना आरसेमहालही आहे. नाव आहे म्हणजे आरसे होते. हे मान्यच करायला हवं. आमच्यातल्या काहींनी ‘पेशवाईत आरसेमहाल नव्हताच’ असं जे ठोकून दिलं ते चुकीचं होतं.

पण नाव तेवढंच सांगतं. आरसे किती, केवढे, चौकटीत टांगलेले की भिंतीत बसवलेले, ते नावावरून कळत नाही. कोणत्या पेशव्याच्या काळातले, हेही नाही. थोरले बाजीराव १७४०मध्ये गेले आणि वाडा त्यानंतरही वाढत राहिला. ‘जुना’ हे विशेषण तर पुढे नवा झाल्यावरच चिकटतं. एका नावाच्या आधारावर २० हजार आरसे बाजीरावाच्या हयातीत नेऊन बसवणं ही मोठी उडी आहे.

माझं स्वतःचं भांडण आरशांशी नाहीच. ते उंचीशी आणि उजेडाशी आहे. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात किंवा वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात अर्धा तास नुसतं बसून बघावं. मराठी वाडा खणात मोजतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि ते ठरतं तुळईच्या लाकडावर. वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेलं छत. सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब, त्यांच्यावर केळफुलाचं कोरीवकाम, खांबांमधून महिरपी. दिवाणखाना लांब असतो, पण छत डोक्याजवळ असतं. उजेड चौकातून येतो, आडवा, आणि आत येता येता मऊ होतो. मेणवलीच्या वाड्यातली भिंतीवरची चित्रं दुपारी तीनला वेगळी दिसतात आणि पाचला वेगळी. लोड-तक्क्यांच्या बैठकीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला हे सगळं बेतलेलं आहे. चित्रपटातला महाल मात्र उभ्याने, मान वर करून बघायचा आहे. उंच छत, चकाकती जमीन, चहूकडून ओतलेला उजेड. हे जयपूरचं आहे, किंवा अंधेरीचं आहे. पुण्याचं नाही.

तरी तो निर्णय का घेतला गेला हे समजतं. कडीपाटाखाली अंधाऱ्या, ठेंगण्या दालनात भव्य नाच दाखवणं अवघड, आणि वाड्याचं वैभव लाकडात असल्यामुळे ते दुरून दिसत नाही, जवळ जाऊन हात फिरवावा लागतो. खरा संदर्भ हाताशी नव्हता असंही नाही. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष उचलून पुण्यातल्याच एका संग्रहालयात पुन्हा उभे केलेले आहेत. तिकीट काढून कुणीही आत जाऊ शकतो. लाकडी खांब, महिरपी, वर झुंबर, आणि बेताच्या मापाची खोली. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा तिच्या लहानपणानेच चकित झालो होतो. एवढ्या जागेत एक माणूस गातो आणि चार माणसं ऐकतात. चित्रपटाला हवी होती ती जागा हजारांची.

१९६०च्या महालावर कुणी भांडलं नाही आणि २०१५च्या महालावर भांडण झालं, याचं एक कारण माझ्या मते हेच. पेशव्यांचे वाडे आपल्या रोजच्या रस्त्यावर आहेत. कुणाचं आजोळ वाड्यात होतं, कुणी वाड्यात भाड्याने राहिलं, कुणाच्या डोळ्यांदेखत वाडा पाडून इमारत झाली. कडीपाट म्हणजे काय ते या लोकांना सांगावं लागत नाही.

त्यानंतरचं काम पाहता वाड्याकडे परतण्याची वाटही निघालेली दिसते. मेणवलीचा घाट ‘स्वदेस’ने २००४मध्येच देशभर नेला होता. २०१८च्या ‘तुंबाड’ने वाड्याचा अंतर्भाग जसा आहे तसा, ओला आणि काळा ठेवला. पाऊस थांबत नाही, भिंतींना पोपडे सुटलेले, कंदिलाच्या वर्तुळापलीकडे काही दिसत नाही. त्या चित्रपटाचं काम २०१२मध्ये सुरू झालं होतं आणि मधे बराचसा भाग पुन्हा चित्रित केला गेला. त्या सहा वर्षांचा मुरलेपणा त्या भिंतींत दिसतो. देखणं म्हणजे झगमगतं असं मानणाऱ्यांनी तो चित्रपट भिंतींसाठी एकदा परत बघावा.

दुसरीकडे, ‘लगान’ आणि ‘देवदास’ उभे करणाऱ्या त्या कलादिग्दर्शकांनी २००५मध्ये कर्जतजवळ स्वतःचा स्टुडिओ काढला. ‘जोधा अकबर’चे (२००८) किल्ले आणि महाल तिथेच उभे राहिले. एरवी चित्रीकरण संपलं की सेट मोडून लाकूड दुसऱ्या कामाला जातं. तिथे ते बरीच वर्षं उभे ठेवले गेले आणि लोक सहलीला जाऊन बघत. २ ऑगस्ट २०२३ला त्याच स्टुडिओत त्यांचं निधन झालं.

गेल्या हिवाळ्यात शनिवारवाड्यात गेलो होतो. आतल्या हिरवळीत जोती तेवढी दिसतात. एक सात-आठ वर्षांची मुलगी एका जोत्यावर उभी राहून आईला विचारत होती, “आरशांचं गाणं कुठं झालं गं?” आईने इकडेतिकडे पाहिलं आणि समोरच्या दगडांकडे बोट केलं. “इथंच असेल कुठंतरी.” मुलीने तिथे जाऊन एक गिरकी घेतली आणि मान वर करून आभाळाकडे पाहिलं.