फुलपाखरासाठी दोन मिलिमीटर

पाऊस ओसरला की सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत फुलपाखरांचे दिवस येतात. ओढ्याकाठच्या झाडीत ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपलं नीलवंत, पंख पसरून तेरा-चौदा सेंटिमीटर. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं हे देशातलं पहिलंच राज्य. तिथून थोडं पुढे, उन्हातल्या गवतात ग्रास ज्वेल हे इवलंसं फुलपाखरू. पंख मिटून बसलं की जेमतेम एक सेंटिमीटर. ‘फुलपाखरांसाठी कोणती लेन्स घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, या दोघांपैकी कुणासाठी?

आपल्याकडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे आतली प्रतिमा टिपणारी पट्टी, सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद असतो. अगदी जवळून फोटो काढणाऱ्या मॅक्रो लेन्सची ‘एकास एक’ ही खूण सांगते की एक सेंटिमीटरची वस्तू सेन्सरवरही एक सेंटिमीटरचीच उमटेल. ग्रास ज्वेलला याची खरी गरज आहे. तेव्हा कुठे ते अर्धी चौकट भरतं. नीलवंताचं उलट. ते चौकटीत मावायलाच साडेपाच पटींनी लहान व्हावं लागतं. त्याच्यासाठी जवळून फोकस होणारी ३०० मिलिमीटरची टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, पुरते, आणि दीड मीटर लांब उभं राहता येतं हा मोठा फायदा. १०० मिलिमीटरच्या मॅक्रोने एकास एक फोटो काढताना लेन्सचं टोक फुलपाखरापासून १५ सेंटिमीटरच्या आसपास येतं. तेवढ्या जवळ जाऊ देणारं फुलपाखरू नशिबानेच भेटतं.

पण खरी अडचण लेन्सपेक्षा फोकसच्या खोलीची आहे. फोटोत जे स्पष्ट दिसतं तो हवेतला एक पातळ काप असतो. त्याच्या पुढचं-मागचं सगळं धूसर. अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफ/८ ला असेल (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), तर हा काप नीलवंताच्या फोटोत साधारण ११ मिलिमीटर जाड असतो. निम्म्या आकारात उमटणाऱ्या फुलपाखरासाठी तो दोन मिलिमीटरवर येतो, आणि एकास एकला अवघा ०.६ मिलिमीटर. पुष्कळांना वाटतं की लांब लेन्समुळे हा काप पातळ होतो. तसं नाही. फुलपाखरू सेन्सरवर तेवढंच मोठं उमटत असेल आणि अपर्चर तेच असेल, तर ५० ची लेन्स घ्या किंवा २०० ची, काप जवळपास तेवढाच. लांब लेन्सने अंतर वाढतं आणि मागची पार्श्वभूमी शांत होते, इतकंच.

मग अपर्चर एफ/२२ करून काप जाड करावा का? करून पाहा आणि फोटो मोठा करून बघा. छिद्र बारीक झालं की प्रकाश कडांपाशी पसरतो आणि सगळंच किंचित मऊ होतं. शिवाय मॅक्रोत हा परिणाम वाढतो: एकास एकला एफ/१६ हे प्रत्यक्षात एफ/३२ सारखं वागतं. पंखावरचा एकेक खवला साधारण ०.१ मिलिमीटरचा, तो टिपायचा तर मी एफ/८ ते एफ/११ च्या पुढे सहसा जात नाही.

त्याऐवजी गुडघे मोडावेत. मिटलेले पंख म्हणजे जवळजवळ सपाट पान. कॅमेऱ्याची पाठ त्या पानाला समांतर धरली की दोन मिलिमीटरमध्ये अख्खं फुलपाखरू मावतं, डोळ्यापासून मागच्या पंखाच्या टोकापर्यंत. दोन-चार अंश तिरपं झालं तरी एक टोक हरवतं. पंख उघडे असतील तर वरून, आणि समोरून काढायचा असेल तर फक्त डोळ्यावर फोकस.

शटरबाबत कंजुषी नको. वाऱ्याने फूल सेकंदाला १० सेंटिमीटर हललं, तर १/१२५ सेकंदात ते ०.८ मिलिमीटर सरकतं, म्हणजे पंखाचे सात-आठ खवले ओलांडून. म्हणून बसलेल्याला किमान १/५००. नीलवंत मध पितानाही पंख फडफडवत राहतं, त्याला १/१००० किंवा जास्त. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १६०० पर्यंत गेला तरी चालेल. थोडी रवाळ प्रतिमा हललेल्या प्रतिमेपेक्षा केव्हाही बरी. पांढरं फुलपाखरू गडद पानांवर असेल तर एक्सपोजर थोडा उणे करा, म्हणजे फोटो जरा गडद ठेवा, नाहीतर पंखावरच्या रेषा पांढऱ्यात जळून जातात.

सकाळी लवकर जा. फुलपाखराचं अंग तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही, तेव्हा ते ऊन खात बसतं. आपली सावली मात्र त्याच्यावर पडू देऊ नका. ब्लू टायगर आणि कॉमन क्रो यांचे नर खुळखुळ्याच्या झुडपावर जमतात, तिथली अल्कलॉइड नावाची रसायनं शोषण्यात इतके गुंगतात की हातभर अंतरावर टेकता येतं.

आणि ग्रेट एगफ्लायचा नर दिसला तर एक फोटो काढून थांबू नका. त्याच्या काळ्या पंखांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांभोवतीची निळी-जांभळी झाक रंगद्रव्याची नाही, खवल्यांच्या सूक्ष्म रचनेची आहे. एका जागेवरून ती दिसतच नाही. अर्धं पाऊल बाजूला सरकलं की पेटते.