घडीच्या चाकूंचा संग्रह (वडोदरा)

पाते मुठीत मिटवून खिशात ठेवता येणारे जुने चाकू जमवण्याचा छंद. वडोदऱ्यात, म्हणजे मराठी बोलण्यातल्या बडोद्यात, चाकूला ‘चप्पू’ आणि अडकित्त्याला ‘सूडी’ हे गुजराती शब्द मराठी घरांतही सहज कानावर पडतात. चप्पू आणि सूडी एकाच कारागिराच्या हातून उतरतात, त्यामुळे संग्रहातही त्या बहुधा शेजारी-शेजारी असतात.

मराठी घरात सापडणारा सर्वांत जुना प्रकार बोरू तासायचा. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला बोरूचे टोक पुन्हापुन्हा तिरपे छाटून मधोमध चीर द्यावी लागे. त्यासाठी आखूड, अरुंद पाते लागते. फारसीतून आलेले त्याचे जुने नाव कलमतराश. राजवाड्यातल्या तलवारींपुढे तो क्षुल्लक दिसतो खरा, पण गायकवाडी दफ्तरातले मोडी कागद लिहिले गेले ते अशाच पात्याने तासलेल्या बोरूंनी.

दुसरा मोठा गट कच्छचा. अंजार आणि रेहा ही तिथली चाकू-सूडीची गावे. पितळी मुठीत रंगीत तुकडे बसवलेला चाकू ही त्यांची ओळख. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अंजारची मोठी पडझड झाली. उत्तर प्रदेशातला रामपुरी वेगळा: लांब पाते, उघडल्यावर पक्के बसवणारा खटका आणि सिनेमाने चिकटवलेली बदनामी. विलायती चाकूंत शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचा मान मोठा. पात्याच्या मुळाशी तारा आणि माल्टी क्रूस अशी त्याची खूण असते. ती इतकी नकलली गेली की नुसत्या खुणेवर विसंबून चालत नाही.

पारख हाताने होते. साध्या घडीच्या चाकूला खटका नसतो. मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी पात्याच्या मुळावर दाब देत असते. नखाच्या खाचेत नख अडकवून पाते ओढावे. पट्टी शाबूत असेल तर पाते शेवटी आपणहून ‘टक्’ करून बसते. मग ते चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवून पाहावे. लवलवले तर पाते ज्यावर फिरते तो खिळा सैल. मुळाशी रुंद आणि मध्ये खोलगट पाते म्हणजे वर्षानुवर्षे सहाणेवर झिजलेले. किंमत कमी होते, पण असा एखादा संग्रहात हवाच.

सर्वांत जास्त नुकसान साफसफाईच करते. चिंच-लिंबाने घासल्यावर पात्यावरची करडी-निळसर झाक जाते, ती पुन्हा यायला वर्षे लागतात. पितळ उजळायची पूड सांध्यात शिरली की प्रत्येक उघडझापीला करकरते. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सांध्याला पुरतो. खोबरेल कालांतराने चिकट होते. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नये, पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि पात्याला खड्डे पडतात.

मूठ कशाची, हा प्रश्न कायद्याचाही आहे. हस्तिदंत आणि सांबरशिंग यांची खरेदी-विक्री वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली बंद आहे; वारशाने आलेल्या नगाबद्दलही आधी वनखात्याकडे विचारणा करावी. शस्त्र अधिनियम, १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती वा उद्योगाची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. घडीचे चाकू सहसा या मापांहून लहानच असतात. तरी पोलीस आयुक्तांचा हत्यारबंदीचा जाहीरनामा लागू असताना चाकू खिशात घालून बाहेर पडणे अंगाशी येऊ शकते.

खंडेनवमीला घरातली हत्यारे पुजली जातात. विळी, कात्री, सूडी यांच्याबरोबर चाकूही पाटावर येतात, उघडलेले. हळदीकुंकू आणि झेंडूचे फूल वाहिले जाते. कुंकवाचा ओला ठिपका त्याच संध्याकाळी पुसावा लागतो, नाहीतर सकाळी त्याखाली गंजाचा गोल उमटलेला असतो.