पासपोर्टचा अर्ज : पैसे भरण्याआधी कागद जुळवा

दिवाळी झाली, सोयाबीन विकलं की माझ्या दुकानात पासपोर्टचे फॉर्म भरायला लोक येऊ लागतात. कोणाची लेक जर्मनीत बाळंत होणार असते, कोणाला श्रीलंका-थायलंडच्या सहलीत नाव टाकायचं असतं. हातात बहुधा एकटं आधार कार्ड. "आधार हाय ना बा, मंग अजून काय पायजे?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर भिंतीवर लिहून ठेवावं म्हणतो.

फक्त लुंबिनीला जायचं असेल तर पासपोर्टच्या भानगडीत पडूच नका. नेपाळला मतदार ओळखपत्र चालतं. आधार मात्र तिथे १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांनाच चालतं, बाकीच्यांना नाही.

फॉर्म भरणं सोपं आहे. पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन ही एकच सरकारी वेबसाइट. तशाच दिसणाऱ्या इतर साइटवर पैसे भरले तर ते गेलेच समजा. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये. फी भरून तारीख घ्यायची आणि मूळ कागद घेऊन नागपूरच्या केंद्रात किंवा जवळच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात जायचं. फोटो तिथेच काढतात, फक्त ४ वर्षांखालच्या बाळाचा न्यावा लागतो. ठरलेल्या दिवशी जमलं नाही तर तारीख बदलता येते, पण एका फीवर वर्षभरात तीनच तारखा मिळतात.

अर्ज अडतो तो कागदांवरच्या नावामुळे. मागच्या हंगामात एका शेतकऱ्याने माझ्या टेबलावर तीन कागद मांडले. टीसीवर वडिलांचं नाव नामदेव, पण इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी डी-ई-ओ. आधारवर तेच डी-ई-व्ही. पॅनवर चक्क नामदेवराव. आपल्याकडे महादेव, सुखदेव, नामदेव सगळ्यांचं हेच. गावात हे तिन्ही एकच माणूस, खिडकीवरच्या बाईंना ते तीन दिसले. त्यात त्यांचाही दोष नाही, पण दोन अक्षरांपायी माणसाचा एसटीचा खर्च आणि एक दिवसाची मजुरी जाते तेव्हा वाईट वाटतं.

उपाय असा : दहावीचं प्रमाणपत्र किंवा टीसी पाया धरा आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे करून घ्या. शाळेचा कागद बदलणं सगळ्यांत अवघड, आधार बदलणं त्या मानाने सोपं. पण जपून. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. घाईत चुकीचं स्पेलिंग सांगितलं तर एक संधी वाया. फॉर्ममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या रकान्यात. आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका. पासपोर्टवर एकच नाव असेल तर दुबईच्या व्हिजिट व्हिसाला अडचण येते. लग्न झालेल्या बायकांनी नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. सगळे कागद माहेरच्या नावाचे असतील तर त्याच नावाने अर्ज करा, पुष्कळ त्रास वाचतो.

दुसरी अडचण जन्माच्या दाखल्याची. २०२५ मध्ये नियम बदलला, म्हणून लोक घाबरून येतात. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्म दाखलाच हवा, दुसरं काही चालत नाही. त्याआधी जन्मलेल्यांना टीसी, दहावीचं प्रमाणपत्र, पॅन, लायसन्स यांपैकी एक पुरतं. म्हणजे ज्यांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जुलै टाकली ते सुटले, फक्त ती १ जुलै सगळ्या कागदांवर एकच असू द्या. जन्मतारखेसाठी आधारवर विसंबू नका.

लहान लेकरांचा घोळ वेगळा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे नोंद आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा तिथल्या दवाखान्यात. बाप मात्र स्वतःच्या गावच्या ग्रामसेवकाकडे चार चकरा मारून "रेकॉर्ड नाही" ऐकून येतो. नोंद सापडली तरी त्यात बाळाचं नाव नसतं, नुसतं 'मुलगी' लिहिलेलं असतं. आधी नाव चढवा, मग दाखला घ्या. जन्माची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तिकीट त्यानंतरच काढा.

पत्त्यासाठी पासबुक देणार असाल तर त्यावर फोटो हवा, आणि बँक राष्ट्रीयीकृत, खासगी शेड्यूल्ड किंवा ग्रामीण हवी. शेतकऱ्याकडे असतं नेमकं जिल्हा मध्यवर्ती बँकेचं, आणि ते यादीत नाही! कर्ज त्याच बँकेचं, अनुदान त्याच बँकेत, पण पत्त्याला ते पासबुक चालत नाही. इथे मात्र आधार चालतं, पत्ता आताचा असेल तर.

चाकणच्या कंपनीत राहणारी पोरं गावचा पत्ता देतात, कारण आधारवर तोच आहे. पोलीस चौकशीला येतात, शेजारी प्रामाणिकपणे सांगतात, "तो तं पुण्याले असते." झाला रिपोर्ट खराब. अर्ज देशात कुठूनही करता येतो, चौकशी मात्र दिलेल्या पत्त्यावर होते. राहता तिथला पत्ता द्या. शेताच्या धुऱ्याच्या भांडणाची फौजदारी केस कोर्टात चालू असेल तर लपवू नका. कोर्टाच्या परवानगीने पासपोर्ट मिळू शकतो. माहिती लपवली तर कायद्यात ५००० रुपयांपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैदही आहे.

दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का येऊ शकतो. तो आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांपुरता आहे. सहलीला किंवा नातू पाहायला जाणाऱ्यांनी त्याची धास्ती घेऊ नये.

मुदतीचंही बघा. पुष्कळ देशांना पासपोर्ट आणखी सहा महिने तरी चालणारा लागतो. मार्चमध्ये संपणाऱ्या पासपोर्टवर डिसेंबरची सहल बुक करून आलेल्या जोडप्याला मी काय सांगणार? तत्काळचे २००० रुपये जास्त भरले तरी तीन कागद लागतातच, आणि नाव जुळलं नाही तर तत्काळही अडतं.

पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो आणि पोस्टमन तो ज्याचा त्यालाच देतो. तुम्ही कापूस वेचायला शेतात असाल तर पाकीट परत नागपूरला जाऊ शकतं. मोबाइलवर निघाल्याचा मेसेज आला की पोस्टमनला आधीच सांगून ठेवा, घरी कधी असता ते.