व्हॉल्व्हचा रंग संगणकात कसा आला

एलए-२ए, ११७६, पुलटेक, फेअरचाइल्ड ही स्टुडिओतल्या जुन्या यंत्रांची नावं आज प्लग-इनच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या, यादीत सर्रास दिसतात. मूळ यंत्रं बनली तेव्हा त्यांच्या कर्त्यांना आवाजाला रंग वगैरे द्यायचा नव्हता. पातळी किंवा जाड-बारीक स्वरांचा समतोल काबूत ठेवावा आणि आवाज शक्य तितका स्वच्छ राहावा, एवढीच त्यांची धडपड होती. आज आपण ज्यावर जीव टाकतो तो उबदारपणा म्हणजे व्हॉल्व्ह (जुन्या निर्वात नळ्या) आणि ट्रान्सफॉर्मरच्या मर्यादा.

१९६०च्या दशकात जिम लॉरेन्स यांनी बनवलेला एलए-२ए हा कॉम्प्रेसर, म्हणजे जोराचा आवाज आपोआप दाबणारं यंत्र, घ्या. त्यात आवाजाच्या जोरावर एक छोटी पट्टी उजळते, तो उजेड प्रकाशाला संवेदनशील रोधकावर पडतो आणि पातळी खाली येते. खरी गंमत पुढे आहे. जोराचा स्वर थांबला की दाबलेली पातळी निम्मी सुमारे ६० मिलिसेकंदांत परत येते, उरलेली मात्र काही सेकंद घेत सावकाश. उजेड जितका वेळ टिकला, तितकी ही परतीची वाट लांबते. गायकाचा आवाज त्यात इतका सहज बसतो तो यामुळेच.

१९८०च्या दशकात डिजिटल रेकॉर्डिंग रुळलं, आवाज स्वच्छ झाला आणि काय हरवलं ते कानांना कळलं. वेव्हज कंपनीचा क्यू१० हा इक्वलायझर (जाड-बारीक स्वर कमीजास्त करणारा) प्लग-इन म्हणून १९९२मध्ये आला, १९९६मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी ही प्लग-इन जोडण्याची पद्धत आणली. ११७६चे जनक बिल पुटनम यांच्या मुलांनी १९९९मध्ये युनिव्हर्सल ऑडिओ ही वडिलांची कंपनी पुन्हा उभी केली आणि जुन्या सर्किटांच्या डिजिटल प्रतिकृतींना मोठं बळ मिळालं.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. रोधक, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर यांची समीकरणं आवाजाच्या प्रत्येक नमुन्यासाठी सोडवायची, म्हणजे संगणकाचा घाम निघतो. शिवाय विकृतीतून नवे उच्च स्वरांश जन्मतात. ते सँपल रेटच्या (सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांच्या संख्येच्या) निम्म्याच्या वर गेले की उलटे वळून मूळ आवाजाशी न जुळणारे कर्कश सूर बनतात. त्यासाठी आत सँपल रेट काही पटींनी वाढवून गणित करावं लागतं. सुरुवातीच्या अनेक प्लग-इनना हे परवडत नव्हतं.

जुन्या यंत्रांची एक सवय प्रतिकृतींतही उतरली आहे, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. ही सर्किटं ठरावीक पातळीभोवतीच खुलतात. व्हीयू मीटरवरचं (आवाजाची सरासरी पातळी दाखवणाऱ्या मापकावरचं) शून्य अनेक प्लग-इनमध्ये उणे १८ डीबीएफएसच्या (डिजिटल कमाल पातळी शून्य धरून मोजलेल्या डेसिबलच्या) आसपास धरलेलं असतं. ट्रॅक डिजिटल शून्याला टेकवून आत पाठवला तर यंत्र कितीतरी जास्त ताणलं जातं आणि प्लग-इन उगाच बदनाम होतं. म्हणून कॉम्प्रेसरच्या खुंट्यांना हात लावण्याआधी इनपुटची पातळी बघावी.