फार्मर आयडी: पावती म्हणजे नंबर नव्हे

अ‍ॅग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांक, सगळे म्हणतात तो फार्मर आयडी, १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी विभागाच्या योजनांसाठी सक्तीचा झाला. आधार केंद्र सरकारचं, सातबारा राज्याचा. दोन्ही दप्तरं या एका नंबराला जोडली जातात. अर्ज अडतो तो नेमका या सांध्यावर.

पात्रता सरळ आहे: सातबाऱ्यावर स्वतःचं नाव हवं. आधार कार्ड, त्याला जोडलेला चालू मोबाइल, सातबारा आणि आठ-अ (खाते उतारा) घेऊन सीएससी केंद्रावर, म्हणजे गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्रावर जा. ओटीपी त्याच मोबाइलवर येतो. नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्र गाठा.

खरी अडचण नावाची. सातबाऱ्यावर ‘सुकलाल दगडू’, आधारवर ‘सुखलाल दगडू पाटील’, एवढ्यानेही जुळणीची टक्केवारी घसरते आणि अर्ज तलाठ्याकडे पडताळणीला जातो. घाईने आधार बदलू नका. त्यावरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. बँक पासबुकाशी जुळणारं नाव ठेवा, दुसरं दुरुस्त करा. सातबारा संगणकावर चढवताना झालेली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलला अर्ज द्या, सोबत जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल जोडा. चूक दप्तराची, हेलपाटे मात्र शेतकऱ्याला. हे बदलायलाच हवं.

वडील वारले आणि उतारा अजून त्यांच्याच नावावर, ही घरं गावोगाव आहेत. वडिलांच्या नावावर मुलाचा आयडी निघत नाही. मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती देऊन आधी वारस नोंद करा. हरकतीसाठी नोटिशीची मुदत १५ दिवसांची असते, त्यामुळे पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आल्यावर धावून उपयोग नाही.

सामाईक खात्यात प्रत्येक भावाचा, बहिणीचा आयडी वेगळा. यादीतून नाव निवडताना केंद्रचालकाच्या शेजारी बसून पाहा; भावाचं नाव टिचकलं गेलं की निस्तरणं जिकिरीचं होतं.

जमिनीचा एक गट रावेरला, दुसरा यावलला असेल तर दोन्ही गावं निवडून दोन्ही गट जोडून घ्या. राहिलेल्या गटावरच्या केळीचा विमा भरताना तो गट दिसणार नाही.

शेवटी ई-साइन, म्हणजे अर्जावरची डिजिटल सही, झालं का ते विचारा. त्यानंतर पावतीवर मिळतो तो नोंदणी क्रमांक, आणि बरेच जण तोच आयडी समजून कागद जपून ठेवतात. खरा फार्मर आयडी ११ अंकी असतो आणि मंजुरीनंतरच मिळतो. आठवड्याभराने अ‍ॅग्रिस्टॅकच्या पोर्टलवर आधार क्रमांक टाकून स्थिती बघा. ‘प्रलंबित’ दिसलं तर पावती घेऊन तलाठ्याला भेटा.