पार्श्वभूमी: लेबर रूमचं रजिस्टर आणि ‘उपजत मृत्यू’चा रकाना

सरकारी रुग्णालयातलं डिलिव्हरी रजिस्टर उघडलं की डावीकडे बाईचं नाव, वय, गाव, कितवी खेप, किती आठवडे भरले होते. मग प्रसूतीची तारीख आणि वेळ, नॉर्मल की सिझेरियन, मुलगा की मुलगी, वजन. याच ओळीत बाळ जिवंत जन्मलं की ‘उपजत मृत्यू’ झाला, तेही लिहायचं असतं. रकाना बोटभर रुंदीचा असतो. आई आणि बाळ का दगावतात हे रुग्णालयाच्या स्वतःच्या वहीतून शोधायचं म्हटलं, की गाडी फिरून फिरून या रकान्यापाशी येते.

जुना इतिहास लांबचा आहे, त्यामुळे थोडक्यात. 1847 साली व्हिएन्नाच्या एका मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. एकात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतरोगाने दगावणाऱ्या बायका दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त, हे रुग्णालयाच्या वह्यांत आधीपासून लिहिलेलं होतं. एका डॉक्टरने ते आकडे शेजारी शेजारी मांडले आणि शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येणाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावलं. एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये सुमारे 2 टक्क्यांवर आलं. आपल्याकडे मुंबईत कामा रुग्णालयाची धुरा सांभाळणाऱ्या एका बेने इस्रायली डॉक्टरबाईंनी 1930च्या दशकाच्या अखेरीस शहरातल्या मातामृत्यूंच्या कारणांची पद्धतशीर तपासणी केली. तिचा अहवाल 1941 साली आला. ब्रिटनमध्ये 1952 पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. त्यात डॉक्टरचं नाव बाहेर येत नाही, चूक मात्र येते. केरळने हीच रीत 2004 मध्ये उचलली.

महाराष्ट्रात त्या काळात चर्चा वेगळ्याच ठिकाणी चालली होती. बाळंतपणं घरी होत होती, त्यामुळे रुग्णालयाच्या नोंदींत फार काही सापडणार नव्हतं. 1990च्या दशकात मेळघाट आणि जव्हारकडचे बालमृत्यू वर्तमानपत्रांत गाजले. घरोघरी जाऊन मोजणाऱ्यांना सरकारी आकड्यांत न आलेली मुलं सापडू लागली. गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची तपासणी, वजन आणि नोंद शिकवून नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 साली प्रसिद्ध झालं. त्या कामात मोजणारी बाई आणि उपचार करणारी बाई एकच होती, आणि पुढे रुग्णालयांत नेमकं हेच उरलं नाही.

मग 2005 आलं. जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे आणि तिला घेऊन येणाऱ्या आशाला मानधन मिळू लागलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात दवाखान्यातली बाळंतपणं 2005-06 मध्ये 38.7 टक्के होती, ती 2015-16 मध्ये 78.9 टक्के झाली. महाराष्ट्रात 64.6 वरून 90.3 आणि पुढच्या पाहणीत 94.7. इतक्या थोड्या वर्षांत एवढी मोठी सवय क्वचितच बदलते. पण पैसे द्यायचे म्हणजे पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे रजिस्टरमधली नोंद. बाळंतिणीच्या उपचारासाठी ठेवलेली वही हिशेबाची वही झाली. रक्तस्राव किती झाला याची जागा कोरी राहिली तरी चालायची, बँक खात्याचा क्रमांक चुकून चालायचं नाही.

2008 मध्ये राष्ट्रीय पातळीवर आकड्यांचं ऑनलाइन पोर्टल सुरू झालं. प्रत्येक केंद्राने महिनाअखेर बेरजा वर पाठवायच्या: प्रसूती किती, कमी वजनाची बाळं किती, पहिल्या तासात स्तनपान किती. पुढच्या वर्षी नुसत्या बेरजा पुरत नाहीत म्हणून नावनिशी माग ठेवणारी पद्धत आली. प्रत्येक गरोदर बाईला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकावर तिच्या तपासण्या, बाळंतपण, बाळाच्या लसी.

कागदावर उत्तम कल्पना. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यानंतर बाई निघते, सासरच्या उपकेंद्रात तिची ओळ अर्धवट राहते आणि माहेरच्या दवाखान्यात ती नव्याने नोंदवली जाते. म्हणजे एकदा बेपत्ता, एकदा दुप्पट. बीडची ऊसतोड करणारी बाई तर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघते आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात कोल्हापूर किंवा बेळगावच्या फडावर असते. तिच्याबरोबर प्रवास करतं ते माता-बाल संरक्षण कार्ड, तेही प्लास्टिकच्या पिशवीत नीट राहिलं तर. दिल्लीत बसून पोर्टल आखणाऱ्यांना माहेर हा शब्द कुणी समजावून सांगितला होता की नाही, कोण जाणे.

आता तो रकाना.

रोजच्या मराठीत ‘उपजत’ म्हणजे जन्मासोबत आलेलं. उपजत बुद्धी, उपजत गोडवा. मग ‘उपजत मृत्यू’ म्हणजे बाळ मरण घेऊनच आलं, असा अर्थ कानाला लागतो. त्यात नशीब येतं, लेबर रूम येत नाही. सरकारी मराठीत कुठे ‘मृत जन्म’, कुठे ‘मृतजात’ असे पर्यायही आहेत, पण महाराष्ट्रात आरोग्य खात्याच्या तोंडी ‘उपजत मृत्यू’च बसला आहे.

1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे व्याख्या अशी: आईपासून पूर्ण वेगळं होण्याआधीच बाळात जिवंतपणाची कोणतीही खूण उरली नसेल तर तो गर्भाचा मृत्यू, आणि 28 आठवडे भरलेले असतील तर मृत जन्म. बाहेर आल्यावर एकदा जरी श्वास घेतला किंवा जिवंतपणाची दुसरी कोणतीही खूण दिसली, तर तो जिवंत जन्म. ते बाळ दोन मिनिटांनी गेलं तर जन्माची नोंद वेगळी, मृत्यूची वेगळी. मृत जन्माचा फॉर्म तिसरा. 28 आठवड्यांच्या आत मृत जन्मलेलं मूल या तिन्हींत बसत नाही. ब्रिटनमध्ये ही रेषा 1992 पासून 24 आठवड्यांवर आहे, त्यामुळे आपला आणि त्यांचा आकडा शेजारी ठेवणं मुळातच फसवं.

कायदा स्पष्ट आहे. लेबर रूममध्ये रात्री तीन वाजता तो तितका स्पष्ट नसतो. बाळ निळसर, गळून गेलेलं, रडत नाही. आईचा रक्तस्राव चालू आहे. सिस्टर एकटी आहे, डॉक्टर ऑनकॉल. छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके मोजायला जेवढी सेकंदं लागतात, तेवढीही तिच्याकडे नसतात. बाहेर नातेवाईक विचारतात, तेव्हा उत्तर येतं, ‘बाळ रडलंच नाही.’ मग रकान्यात काय लिहायचं ते जवळजवळ ठरलेलंच असतं.

त्यात एक वाकडा फायदाही आहे, आणि त्यावर लोक मोठ्याने बोलत नाहीत. बाळ जिवंत जन्मून गेलं असं लिहिलं तर ती नोंद बालमृत्यूच्या हिशेबात जाते. 2014 मध्ये बालमृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचना आल्यानंतर तर त्याचे फॉर्म, घरभेट, जिल्ह्याच्या बैठकीत उत्तरं. उपजत मृत्यू लिहिला की त्या काळात यातलं फारसं काही होत नसे. आईवडिलांचीही दोन दाखल्यांची यातायात वाचते. म्हणून या रकान्यात सगळेच खोटं लिहितात असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण शंका आली तर पेन कोणत्या बाजूला झुकेल, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही.

हा नुसता शब्दांचा घोळ नाही, याचा पुरावा सीमेपलीकडे बेळगावात मिळाला. तिथे प्रसूती करणाऱ्यांना पहिल्या मिनिटात बाळाला पुसून, चोळून, गरज पडली तर पिशवी-मास्कने श्वास द्यायला शिकवलं गेलं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे मृत जन्म 3.0 टक्क्यांवरून 2.3 वर आले. त्यातले ‘ताजे’, म्हणजे कळा सुरू असतानाच दगावलेले वाटणारे, 1.7 वरून 0.9 वर. नवजात मृत्यू 1.8 टक्के होते, ते 1.9 झाले, म्हणजे जवळपास तेवढेच. याचा अर्थ लावताना थांबून विचार करावा लागतो. मेलेली म्हणून बाजूला ठेवली जाणारी बाळं आता फक्त जिवंत लिहिली जाऊन तासाभरात जात असती, तर दुसरा आकडा ठळक फुगला असता. तो फुगला नाही. म्हणजे त्यातली बरीचशी जगली असणार.

‘ताजे’ आणि ‘कुजलेले’ ही विभागणी त्यानंतर महत्त्वाची ठरली. शब्द कठोर आहेत, पण डॉक्टर इंग्रजीत तेच बोलतात. त्वचा सोललेली असेल तर बाळ बऱ्याच तासांपूर्वी पोटातच गेलेलं. प्रश्न गरोदरपणातल्या तपासण्यांना विचारायचा. त्वचा धड असेल तर प्रश्न लेबर रूमला. पुढे महिन्याच्या तक्त्यातही हे दोन भाग वेगळे मागितले जाऊ लागले. लगेच नवी पळवाट तयार झाली, कारण त्वचा पाहून ठरवणारी व्यक्ती तीच, जिला उत्तर द्यायचं आहे.

2014 मध्ये केंद्राने नवजात मृत्यू आणि मृत जन्म, दोन्ही दर 2030 पर्यंत हजारी एक-अंकी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. 2017च्या डिसेंबरमध्ये लेबर रूम आणि प्रसूतीच्या ऑपरेशन थिएटरच्या दर्जासाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला. भिंतींना रंग, पडदे, ट्रे, तपासणीसाठी येणारं पथक, गुण, प्रमाणपत्र. रजिस्टरची पानंही एकसारखी झाली. याच सुमारास उत्तर प्रदेशातल्या 120 केंद्रांत दीड लाखाहून जास्त बाळंतपणांवर झालेल्या चाचणीचा निकाल आला होता. सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट आणि सोबत प्रशिक्षक दिल्यावर कर्मचाऱ्यांचं वागणं सुधारलं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. तो निकाल आपल्याकडे व्हायला हवा होता तितका चर्चेत आला नाही.

पार्टोग्राफची गोष्ट तर जुनीच. कळा कशा पुढे सरकताहेत हे दर काही वेळाने आलेखावर टिपायचं, म्हणजे अडलेली बाई वेळेत पुढे पाठवता येते. बऱ्याच ठिकाणी तो बाळंतपण झाल्यावर चहा पिता पिता भरला जातो. अशा आलेखात रेषा कधीच अडत नाही.

बांगलादेश, नेपाळ आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांत 23 हजारांहून अधिक बाळंतपणं निरीक्षकांनी समोर उभं राहून पाहिली आणि रजिस्टरशी ताडली. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवणाऱ्या इंजेक्शनची नोंद बऱ्यापैकी खरी निघाली. बाळाला पिशवी-मास्कने श्वास दिल्याची नोंद राहून जात होती. वजनं गोल आकड्यांवर साचलेली. हे शेवटचं आपल्याकडचं कुठलंही रजिस्टर चाळून पाहता येईल: 2500 ग्रॅम, 2500, 3000, 2500. कमी वजनाची रेषा नेमकी 2500 वर असल्याने 2460चं बाळ सहज ‘चांगलं’ होऊन जातं आणि जादा काळजीतून सुटतं.

खासगी रुग्णालयांबद्दल दोनच वाक्यं, कारण तिथून फार माहिती येतच नाही. 2019-21च्या पाहणीत देशातल्या खासगी बाळंतपणांपैकी 47.4 टक्के सिझेरियन होती, सरकारीत 14.3. गर्भलिंग निदानबंदीच्या कायद्याखालचा सोनोग्राफीचा एफ फॉर्म मात्र तिथेही काटेकोर भरलेला असतो, कारण त्यात तुरुंगाची भीती आहे.

सध्याचा वाद दोन वह्यांच्या मधल्या जागेचा आहे. बाळ लेबर रूममधून नवजात अतिदक्षता कक्षात गेलं की त्याला तिथला वेगळा क्रमांक मिळतो. ते चौथ्या दिवशी गेलं तर त्याच्या जन्माच्या ओळीत ‘जिवंत’च राहतं, आणि ज्या सिस्टरने ते बाळ हातात घेतलं तिला ते कळेलच असं नाही. दाखल होताना पोटातल्या बाळाचे ठोके ऐकू आले होते का, हे केसपेपरवर लिहिलेलं असतं. ते ऐकू आले होते आणि बाळ मृत जन्मलं, तर त्वचा ताजी की सोललेली हा वादच उरत नाही. पण केसपेपर बाईला सुट्टी मिळाली की रेकॉर्ड रूमला जातो, आणि महिन्याचा तक्ता रजिस्टर पाहून भरला जातो.